चार नंबरच्या खोलीतली पन्नास मिनिटं

१

ज्या अहवालानं माझ्या वहिनीला गुन्हेगार ठरवलं, त्याचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सिरिंज पंप बनवते. पेशंटच्या उशाशी खांबावर अडकवलेलं, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र असतं ते. औषधानं भरलेली सिरिंज त्यात बसवायची आणि मग यंत्र तिचा दट्ट्या तासन्‌तास हळूहळू ढकलत राहतं. या पंपाबरोबर जे माहितीपुस्तक येतं ते मी लिहितो. ते कुणी वाचल्याचं आजवर माझ्या ऐकिवात नाही. ऑफिसात मला कुणी खिजगणतीत धरत नाही, पण कुणाचं काही मोडकंतोडकं लिहून झालं की तो कागद मात्र नेमका माझ्या टेबलावर येऊन पडतो.

त्या सोमवारी साहेबांनी दोन पानं पाठवली. वर लिहिलं होतं, "भाषा जरा सुधार. दुपारी जायला हवं."

मजकूर साधा होता. एका छोट्या दवाखान्यात, चार नंबरच्या खोलीत, हृदयाला आधार देणारं औषध मध्येच संपल्यामुळे एक पेशंट दगावला होता. यंत्राच्या नोंदीप्रमाणे, औषध संपल्याचा अलार्म दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वाजला. लगेच कुणीतरी बटण दाबून तो बंद केला. ड्यूटीवरच्या सिस्टरनं डॉक्टरांना फोन केला तो तीन वाजता. मधली पन्नास मिनिटं तिनं काहीही केलं नाही. पेशंटशेजारच्या खुर्चीत तिचा स्वेटर सापडला, त्यावरून ती झोपली असावी. आमच्या प्रयोगशाळेत आठ दिवस तपासलेलं यंत्र पूर्णपणे निर्दोष आहे.

मी 'निर्दोश' चं 'निर्दोष' केलं, दोन स्वल्पविराम घातले आणि पानं परत पाठवली. मनात म्हटलंसुद्धा, काय बाई आहे, माणूस मरतोय आणि ही खुशाल घोरतेय.

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"तुझ्या वहिनीला कामावरून काढलंय. आठ दिवस झाले, तिनं घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. चौकशी लागलीय तिच्यामागे." मागे दार लावल्याचा आवाज आला. "पंप तुमचाच होता रे. चार नंबरच्या खोलीतला."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो.

ताई आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमर. पंपाच्या पोटात एक छोटासा कॉम्प्युटर असतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. यंत्रातल्या कुठल्याही प्रोग्रॅमला किती वाजले हे हवं असेल तर तो कर्नेलला विचारतो आणि कर्नेल सांगेल ते मुकाट्यानं मान्य करतो. कर्नेलमधला हा वेळ राखणारा भाग ताईंचा. पाठदुखीमुळे त्या एक जुनाट उशी काखोटीला मारून सगळीकडे हिंडायच्या. त्यांचं बोलणं फटकळ होतं आणि त्यांच्या वाटेला सहसा कुणी जायचं नाही. माझी तर पाचावर धारण बसली होती.

त्यांनी अहवाल एकदा वाचला, मग परत पहिल्या पानावर आल्या.

"पंडित, सिरिंज पूर्ण संपायला किती वेळ लागतो?" शुद्धलेखनामुळे त्या मला पंडित म्हणत.

"त्या औषधाला दोन तास."

"आणि बसवली किती वाजता?"

"एक वाजता. यंत्रातही तसंच आहे आणि वहिनीही तेच म्हणतेय."

"मग दोन दहाला संपली कशी?"

मी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. साहेबांनी त्याचीही सोय केली होती. सिस्टरनं आधीची अर्धवट वापरलेली सिरिंजच पुन्हा बसवली असावी, असं तिथं लिहिलं होतं. म्हणजे वहिनी नुसती झोपाळू नव्हती, निष्काळजीही होती. एकदा माणसावर खापर फोडायचं ठरलं की त्यात सगळं मावतं.

ताईंनी उशी काखेत घेतली. "चल, तुझ्या वहिनीकडे. आणि वाटेत मला धीर द्यायला सांगू नकोस, मला जमत नाही ते."

३

वहिनी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलापाशी बसली होती. समोर चहा निवत होता. वीस वर्षं नोकरी केलेली बाई, घरातल्या प्रत्येकाचा ताप हातानं मोजणारी. माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा "भावजींना आधी यंत्रातून बाहेर काढा" म्हणून सगळ्यांना हसवणारी. आठ दिवसांत तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरून गेलं होतं.

"सिरिंज अर्धी होती का?" ताईंनी बसता बसता विचारलं. ना नमस्कार, ना चमत्कार.

"अर्धी कशी असेल? औषधखोलीतून सीलबंद येते. सील फोडल्याशिवाय यंत्रात बसतच नाही, आणि फोडलेली आम्ही टाकून देतो. टोपलीत एकच रिकामी होती. मोजा म्हटलं मी त्यांना. कुणी मोजली नाही."

"अलार्म वाजला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"बाहेरच्या टेबलाशी. दुसरी सिस्टर रजेवर होती, दोन खोल्या माझ्याकडे. अलार्म वाजला तशी धावत गेले, बटण दाबलं, नळी बघितली, डॉक्टरांना फोन लावला. दोन मिनिटंसुद्धा गेली नसतील. पण ताई, त्याच्याआधी वाजायला हवा होता तो वाजलाच नाही."

तेही खरं होतं. सिरिंज संपायच्या पंधरा मिनिटं आधी पंप एकदा हळू वाजतो, म्हणजे सिस्टरला नवीन सिरिंज आणायला वेळ मिळतो. हे मीच पुस्तकात लिहिलंय.

"स्वेटर?"

वहिनी टेबलावरच्या रेघा बघत बसली. "चार नंबरच्या मास्तरांच्या पायांवर घातला होता. चित्रकला शिकवायचे शाळेत. पाय गार पडायचे त्यांचे. तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हणून त्या दिवशी दोनला पडदे ओढले, सगळं शांत केलं, पायांवर स्वेटर टाकला. मग डॉक्टर लोक आले, त्यांनी तो काढून खुर्चीवर फेकला असेल."

वहिनीनं मान वर केली.

"पहिल्यांदा विचारलं, झोपला होतात का, तेव्हा मला राग आला. दुसऱ्यांदा रडू आलं. आता विचारतात तेव्हा मी आठवून बघते. यंत्र कशाला खोटं बोलेल?" ती माझ्याकडे वळली. "भावजी, वकील म्हणतात शुक्रवारपर्यंत चूक कबूल केली तर तुरुंग टळेल. नर्सिंगची नोंदणी जाईल, पुन्हा कधी काम नाही करता येणार. पण नाही कबूल केली आणि यंत्राचंच खरं ठरलं, तर तुरुंग."

"कबूल करू नका," ताई म्हणाल्या. "निदान शुक्रवारपर्यंत तरी."

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "ताई, सापडेल ना काहीतरी?"

"त्या सिरिंजकडे बघ. भरलेली होती, दोन तास चालते, एकला लावली. म्हणजे ती तीनलाच संपली. ते प्लास्टिकचं नळकांडं आपल्या यंत्रापेक्षा चांगलं घड्याळ आहे. पन्नास मिनिटं तुझ्या वहिनीनं नाही घालवली, यंत्रानं घालवलीत." त्यांनी उशी दुसऱ्या काखेत घेतली. "पण सिद्ध कसं करायचं? आठ दिवस ते सेकंदानंही चुकलेलं नाही."

४

बुधवारी सकाळी आम्ही प्रयोगशाळेत गेलो. चार नंबरच्या खोलीतला पंप तिथं लाकडी टेबलावर होता. त्याच्या पाठीतून निघालेली करडी वायर तपासणीच्या कॉम्प्युटरला जोडलेली होती. टेबलावर पिवळी चिकटपट्टी आणि तिच्यावर मामांच्या गोलगोल अक्षरात लिहिलेलं: "ही वायर काढू नये." मी मनातल्या मनात त्याखाली 'हुकुमावरून' जोडलं.

मामा म्हणजे टेस्टिंगचे प्रमुख. ते सगळ्यांचेच मामा. ऑफिसातल्या कुंड्यांना पाणी घालायचे, कुणाचं मूल आजारी असलं तर दोनदा विचारायचे. मला बघून त्यांनी माझा हात धरला.

"ऐकलं रे मी. तुझी वहिनी आहे हे आधी माहीत असतं तर... पण मी तरी काय करणार? हा बघ." त्यांनी पडद्यावरच्या दोन वेळा दाखवल्या, भिंतीवरची आणि पंपातली. दोन्ही हातात हात घालून चालल्या होत्या. "आठ दिवस. सेकंदाचा फरक नाही."

बोलता बोलता त्यांनी पंपामागची वायर अंगठ्यानं आणखी आत दाबली. ती आधीच घट्ट बसलेली होती.

तिथून ताई बॅटरीकडे गेल्या. बॅटरी हे काही त्या माणसाचं नाव नव्हे. पंप विजेशिवाय जास्तीत जास्त वेळ कसा चालेल हे बघणं त्याचं काम, म्हणून हे नाव पडलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं पंपाची बॅटरी दुप्पट वेळ चालवून दाखवली होती आणि साहेबांनी त्याचा फोटो भिंतीवर लावला होता. तो फोटो त्याच्यापेक्षा देखणा आहे, असं सगळे म्हणत.

"माझ्या भागाला हात लावलास?" ताईंनी विचारलं.

"आईशपथ नाही, ताई. तुमच्या ओळीला हात लावायची माझी काय टाप आहे? बघा उघडून."

ताईंनी उघडून बघितलं. कर्नेलच्या प्रोग्रॅममधली त्यांची ओळ होती तिथंच होती, कानामात्रेचाही फरक नव्हता.

"मी फक्त फालतू उठणी बंद केली," बॅटरी म्हणाला. "औषध ढकलणारी मोटर वेगळी, ती चालूच राहते; बाकी काम नसलं की यंत्र झोपतं, बॅटरी वाचते. काही गोष्टी उगाचच त्याला उठवायच्या. त्या पुढे ढकलल्या, एवढंच."

साहेबांनी आम्हाला जिन्यात गाठलं. "ताई, अहवाल गेलाय. यंत्र बरोबर आहे. या मुलाच्या घरचं दुःख मी समजू शकतो, पण कंपनी काय भावनांवर चालते का?"

ताई टेबलाशी परत आल्या आणि डोळे मिटून बसल्या. यंत्र बरोबर, ओळ शाबूत, माणसं सगळी निर्दोष. माझा जीव टांगणीला लागला होता आणि ही बाई डुलक्या काढते की काय, असं मला वाटलं.

"पन्नास," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "पंचेचाळीस नाही, त्रेपन्न नाही. बरोब्बर पन्नास. हे मला आधी कसं दिसलं नाही?"

५

त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण त्यांच्या भाषेत मला ते तीनदा ऐकावं लागलं.

समजा तुमच्याकडे एक घड्याळ आहे, त्याला फक्त मिनिटकाटा आहे. तुम्ही झोपलात आणि उठून काटा बघितला. तो दहा मिनिटं पुढे दिसतो. पण दहाच मिनिटं गेली, की एक तास आणि दहा मिनिटं? नुसत्या काट्यावरून कळायचा मार्ग नाही. म्हणून काट्याची एक फेरी पुरी व्हायच्या आत एकदा तरी उठून बघावं लागतं आणि फेऱ्या मोजत जावं लागतं.

पंपात असा एक काटा आहे. तो आकडे मोजत जातो आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा शून्यावर येतो. यंत्र झोपलेलं असताना तोच चालू असतो. ताईंची ओळ कर्नेलला दर पाच मिनिटांनी उठवायची, काटा बघायला लावायची आणि परत झोपवायची.

"पाच फेऱ्या बुडाल्या," ताई म्हणाल्या. "दहा पंचे पन्नास. म्हणजे माझी ओळ आहे, पण तिचं कुणी ऐकत नाही. तिनं हाक मारली तरी यंत्र उठत नाही. का? कारण ती हाक बॅटरीला फालतू वाटली. उठायचं, घड्याळ बघायचं, परत झोपायचं. बाहेरून बघणाऱ्याला यात काय काम दिसणार?"

"मग प्रयोगशाळेत का नाही चुकत?"

"तिथं ते झोपतंय कुठं? ती वायर त्याला सेकंदासेकंदाला विचारते, किती वाजले, किती वाजले. माणसाला असं विचारलं तर तो तरी झोपेल का? आपण तपासतो तोवर ते जागं असतं. आपण नसलो की चुकतं." मग त्यांचा आवाज उतरला. "पण दवाखान्यातही प्रत्येक पंपाला वायर असते. बाहेर सिस्टरच्या टेबलावर सगळे पंप दाखवणाऱ्या मोठ्या पडद्याला जोडलेली. ती असताना हे व्हायला नको."

त्यांनी तिथूनच वहिनीला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"दोन वाजता, मास्तरांना झोपवताना, तुम्ही सगळं शांत केलंत म्हणालात. पंपाची मागची वायर काढली होती का?"

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हं," ताई म्हणाल्या. "आणि नंतर परत लावलीत? डॉक्टर आल्यावर. हं. नाही, सहज विचारलं."

वायर पुन्हा लावली की पंप मोठ्या पडद्याकडून खरी वेळ घेतो आणि स्वतःची सुधारून टाकतो. म्हणून नंतर कुणाला काही दिसलं नव्हतं. नोंदीत मात्र दोन दहा राहून गेले होते.

गुरुवारी सकाळी अकराला, मामा मीटिंगला गेलेले असताना, ताईंनी पिवळ्या चिकटपट्टीकडे बघत ती वायर उपटली. आम्ही दिवा मालवला, दाराला कुलूप लावलं आणि जिन्यात बसून राहिलो. तास उलटून पाच मिनिटं झाल्यावर आम्ही आत गेलो. ताईंनी पंपाचं बटण दाबलं.

पंपात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

६

"दोनला वायर निघाली आणि यंत्र झोपलं," ताईंनी सांगायला सुरुवात केली. प्रयोगशाळेत साहेब, मामा, बॅटरी आणि मी होतो. उशी टेबलावर पडली होती. "पावणेतीनला ते उठलं. मोटरनं बरोबर वेळेवर उठवलं हो! सिस्टरला सांगायला, की सिरिंज आणा. काट्याकडे बघितलं. चार फेऱ्या बुडालेल्या. त्याला वाटलं, आत्ता कुठे दोन पाच होतायत, अजून पुष्कळ अवकाश आहे. परत झोपलं. तीनला दट्ट्या टोकाला लागला, तेव्हा पुन्हा धडपडून उठलं आणि अलार्म वाजवला. तोवर आणखी एक फेरी गेली. नोंद केली, दोन दहा. सिस्टर धावत आली ती तीनलाच. त्या खोलीत कुणी झोपलं असेल तर ते हे."

बॅटरीचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, मला माहीत नव्हतं. ते उठतं आणि काहीच करत नाही, म्हणून मी..."

"तुला माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे. पण एकाला माहीत होतं." ताईंनी पिवळी चिकटपट्टी नखानं उचकटली. "ही वायर काढू नये. का काढू नये, मामा?"

मामा कुंडीकडे बघत होते.

"एका वर्षाची धूळ चिकटलीय हिच्या कडांना. वायर काढली की वेळ चुकते, हे तुम्ही वर्षापूर्वी बघितलं होतं."

"मला वाटलं, टेबलाचंच काहीतरी आहे," मामा अगदी हळू म्हणाले. "वायर असली की पास, नसली की नापास. म्हणजे चाचणीच बिघडलीय, असंच वाटणार ना माणसाला? त्याच्या आधी तीनदा मी चुका काढल्या, तीनदा सगळ्यांसमोर ऐकून घेतलं, की मामांना नसलेले बग दिसतात. म्हटलं, पुन्हा कशाला शोभा करून घ्यायची. मी फक्त चिठ्ठी लावली."

या माणसाचा गळा धरावा असं मला वाटायला हवं होतं. पण तो तिथं शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसत उभा होता आणि मला नुसतं रिकामं वाटत होतं. गुन्हेगार सापडला होता आणि तो असा होता.

साहेबांनी घसा साफ केला. "दुरुस्तीला किती वेळ?"

"एक ओळ. ती हाक फालतू नाही, एवढं सांगायचंय. आज दुपारी होईल."

"करा. पुढच्या अपडेटमध्ये जाऊ दे. अहवाल मात्र बदलणार नाही."

"मी माझ्या सहीनं चौकशी समितीला पाठवतेय."

"पाठवा," साहेब थकल्यासारखे म्हणाले. मला वाटलं होतं ते आरडाओरडा करतील. "पण त्या सिस्टरनं कबुली दिली, की समिती तुमचा कागद उघडणारसुद्धा नाही. मग ती तिनंच मागे घ्यायला हवी."

"ती कशाला कबुली देईल?" मी म्हणालो. "उद्या शुक्रवार आहे. अजून वेळ आहे."

७

शुक्रवारी सकाळी मी ताईंचा अहवाल आणि वहिनीच्या सहीसाठी फेरचौकशीचा अर्ज घेऊन दादाकडे गेलो. नाही म्हटलं तरी चालताना पावलं हलकी पडत होती. दादानं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाला.

वहिनी त्याच टेबलापाशी होती.

"काल सकाळी जाऊन आले मी," ती म्हणाली. "दिलं लिहून. झोपले होते म्हणून."

मी खुर्चीत बसलो ते बसलोच. मग भडाभडा सांगत सुटलो. मिनिटकाटा, फेऱ्या, बॅटरी, चिकटपट्टी. पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकून घेतात तसं ती ऐकत होती, मध्ये न बोलता.

"तुम्ही झोपला नव्हतात, वहिनी. सिद्ध झालंय. या अर्जात एक ओळ घालू आणि सही करा, कालची कबुली मागे घेता येते. ताईंनी सगळं तयार केलंय."

"झोपले होते. कधी कधी आठवतंसुद्धा. स्वेटर अंगावर घेतला आणि मान खाली गेली."

"स्वेटर मास्तरांच्या पायांवर होता! तुम्हीच सांगितलंत."

"हो. तसंही आठवतं." तिनं चहाचा कप फिरवला. "भावजी, बाकीच्या खोल्यांतले पंप?"

"ते ठीक होते."

"त्या दिवशी सगळ्या खोल्यांत ठीक होते. एवढ्याच खोलीत चुकलं. का?"

सगळ्या प्रश्नांची तयारी मी वाटेत केली होती. हा एक सोडून.

"तांत्रिक आहे ते," मी म्हणालो. "योगायोग समजा."

वीस वर्षं तिनं माणसांना असंच सांगितलेलं होतं. ती किंचित हसली.

"बुधवारी ताईंनी वायरचं विचारलं. फोन ठेवला आणि समजलं. त्या वायरपाशी एक हिरवा दिवा लुकलुकतो, सारखा. मास्तरांच्या डोळ्यांवर यायचा. म्हणाले, सिस्टर, एक तास झोप द्या मला, एवढी एकच. मी वायर काढली, दिवा गेला. लहान मुलासारखे झोपले हो ते." तिनं निवलेला चहा बाजूला सारला. "तुम्ही शोधून काढणार हे दिसत होतं. म्हणून रात्रभर बसून राहिले आणि सकाळी उठून आधी सही करून आले."

"पण वहिनी, तुम्हाला काय माहीत होतं? वायर काढू नका असं कुठंच लिहिलेलं नाही. चूक यंत्राची आहे, मामांची आहे, आमच्या साहेबांची आहे. तुमची नाही!"

"चूक म्हणत नाहीये मी. मी काढली नसती तर ते जगले असते का?"

मी पेन अर्जावर ठेवलं.

"झोप लागली, हे मी सांगू शकते. मास्तरांच्या मुलीला सांगितलं काल. ती मला वाटेल ते बोलली, मी ऐकून घेतलं. थकलेल्या बाईला झोप लागते, लोक शिव्या देतात, सोडून देतात. पण त्यांना बरं वाटावं म्हणून मी हात लावला आणि त्यानंच ते गेले, हे तिला कसं सांगू? रोज सकाळी उठून स्वतःला कसं सांगू?" तिनं अर्ज माझ्याकडे सरकवला, बोटांच्या टोकांनी. "ते मला नाही पेलायचं, भावजी. हे असू द्या."

"आणि नोकरी? वीस वर्षं?"

"आता कुणाच्या अंगाला हात लावायची हिंमत आहे का माझ्यात?"

दादा दारात उभा होता. त्यानं कुणाची बाजू घेतली नाही. मी कागद गोळा केले.

ऑफिसात ताई माझी वाट बघत होत्या. मी नुसती मान हलवली. त्यांनी विचारलं, "वायर?" मी म्हणालो, "वायर." त्या फोनकडे बघत राहिल्या, बुधवारी उचलला होता त्या. मग उशी पाठीशी न घेताच खुर्चीत बसल्या, आणि मी तिथून निघालो.

टेबलावर साहेबांचा कागद पडला होता. नवीन अपडेट तयार झालं होतं. प्रत्येक दवाखान्यात जाणाऱ्या पत्रकात त्याची एक ओळ घालायची होती, भाषा जरा सुधारून. कागदावर लिहिलं होतं, "वेळ राखण्यात किरकोळ सुधारणा."

शुद्धलेखन मी दोनदा तपासलं. एकही चूक नव्हती. मी ते तसंच पुढे पाठवलं.